शाळूचं पीठ की दुधाची साय

तो दुकानात शिरला आणि आधी शिंकला.

एकदा नाही… चार वेळा. माघाचे दिवस, म्हणजे निपाणीच्या हवेत तंबाखूचा तिखट वास भरलेला. आम्हाला तो जाणवतसुद्धा नाही. बाहेरगावचा माणूस मात्र बोलायच्या आधीच ओळखू येतो.

"पाणी देऊ?" मी काउंटरमागून विचारलं.

"नको… हा— हाक्—" आणि पाचवी.

मी हसू दाबत शेडकार्ड पुढं सरकवलं. त्यानं नाक पुसलं, डोळे पुसले आणि मग पहिल्यांदा नीट माझ्याकडं बघितलं. नाक लाल, कान लाल, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू शिंकण्याचा गुन्हा त्यानं स्वतःहून कबूल केलाय.

"एका खोलीला रंग पायजे होता," तो म्हणाला. "बदामी. म्हणजे… फिकट बदामी. डोळ्यांत न खुपणारा."

"फिकट बदामीत एकतीस शेड आहेत आमच्याकडं."

"एकतीस?"

"घाबरू नका. दोनांवर आणून सोडते मी तुम्हाला."

आणि सोडलं. अर्ध्या तासात एकोणतीस रंग बाद झाले. उरलेल्या दोघांना कार्डावर लांबलचक इंग्रजी नावं होती, पण त्यानं त्यांचं बारसं तिथंच केलं. एकावर बोट ठेवून म्हणाला, "हे शाळूचं पीठ." दुसऱ्यावर ठेवून म्हणाला, "आणि ही दुधाची साय."

मला नावं आवडली. सांगितलं नाही.

"आता निवडा."

तो एकदा पिठाकडं बघायचा, एकदा सायीकडं. मधेच एकदा माझ्याकडं. गोंधळला की तो कन्नडात पुटपुटतो हे मला त्या दिवशी कळलं. "यावुदु… यावुदु…" कुठला, कुठला.

"एरडू छलो अदावु," मी म्हणाले. दोन्ही चांगलेच आहेत, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत निरुपयोगी वाक्य आहे, तरी म्हणाले.

तो हसला. "मग उद्या येतो."

दुकान माझ्या वडिलांचं, कुंथुनाथ आप्पांचं. बी. कॉम. झाल्यावर 'थोडे दिवस' म्हणून मी टिंटिंग मशीनवर बसले. पांढऱ्या बेसमध्ये रंगाचे थेंब सोडून पाहिजे ती शेड बनवणारं ते यंत्र. थोडे दिवस होऊन आता चार वर्षं झाली होती. मधे एकदा माझा साखरपुडा झाला आणि मोडला. त्यानंतर आप्पांनी मला लग्नाचं विचारणं सोडलं आणि दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडं दिल्या. आमच्या घरात माया अशीच दाखवतात.

तो दुसऱ्या दिवशी आला. शिंकला. दोन्ही रंगांचे नमुन्याचे छोटे डबे घेऊन गेला. चार दिवसांनी परत आला.

"भिंतीवर लावून बघितले?"

"बघितले. सकाळी पीठ बरं दिसतंय. चारनंतर साय."

"मग खोलीत कधी असता तुम्ही?"

"मी? शिफ्टवर असतोय."

नाव वृषभ. चिकोडीच्या अलीकडं गाव, आणि साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. तिथं काय करता म्हणून विचारलं, तर म्हणाला, "साखरेचा रंग तपासतो."

मी शेडकार्ड मिटलं. "दिवसभर रंग बघणारा माणूस दोन बदाम्यांत अडकलाय?"

"साखरेला रंग नसावा, एवढंच बघायचं असतं," तो गंभीरपणे म्हणाला. "इथं असलेला बघायचाय. लई अवघड हाय."

असं तीन आठवडे चाललं. कधी तो सायीत पिठाचा एक थेंब मिसळता येईल का विचारायला यायचा. कधी छताला कुठला पांढरा, ते विचारायला. एकदा तर नुसता ब्रश परत करायला आला… आणि ब्रश घरीच विसरला. बसला की वेळ कसा जायचा कळत नसे. मात्र ऊन कलायला लागलं की तो उठायचा. दिवस मावळायच्या आत घरी जेवण, हा आमच्यासारखाच त्यांच्याही घरचा नेम. त्यामुळं रोज साडेचार वाजता मला उगाचच सूर्याचा राग यायला लागला.

आप्पा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "सोनल, एवढ्या दिवसांत हुबळीपतोर रंगवून झालं असतं की गं."

"गिऱ्हाईक आहे आप्पा."

"व्हय व्हय. गिऱ्हाईकच हाय." आणि पान उलटायचे.

शेवटी मीच म्हणाले, "असं करू. भिंत मी बघून येते. उजेड कुठून येतो, किती येतो, ते बघितलं की मी सांगते. मोठ्या गिऱ्हाइकांकडं जाते मी तशी."

"एका खोलीसाठी?"

"एका खोलीला तीन आठवडे घेणारं गिऱ्हाईक मोठंच असतं."

त्याचे कान पुन्हा लाल. "मी शिफ्टवर असणार. पण आई असतीय घरी. सांगून ठेवतो."

सांगून ठेवायचं त्याच्यानं झालं नव्हतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

* * *

अर्ध्या तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊसतोड चाललेली, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर. स्कूटी दारात लावली तेव्हा त्याची आई, अंबुबाई, अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. ठेंगणी, गोरी, कपाळावर बारीक कुंकू. मी पिशवीतून शेडकार्ड काढलं.

"जय जिनेंद्र. मी निपाणीच्या रंगाच्या दुकानातून आलेय. खोली बघायची होती."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग शेडकार्डाकडं. मग त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश एक हसू आलं… सगळं कळल्यासारखं.

"बघा की. खोलीच का, सगळंच बघा."

"नाही, खोलीच फक्त—"

"या, आत या. उन्हातनं आलाय."

पाणी आलं, गाळलेलं, चकचकीत तांब्यातून. मग त्यांनी मला स्वयंपाकघर दाखवलं. मग न्हाणी. मग बोअरचं पाणी किती फुटांवर लागलं ते. मला वाटलं, बाईंना बोलायला कुणी मिळत नसेल. गोठ्याशी आलो तेव्हा त्या थांबल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "म्हशी दोन हायत. खरं, शेण काढायला गडी हाय. सुनेला गोठ्यात पाय ठेवायला लावणार न्हाय मी."

"बरं…" मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वरच्या मजल्यावर ती खोली. नवी, अजून सिमेंटचा वास असलेली. पश्चिमेला मोठी खिडकी, आणि भिंतीवर ते दोन चौकोन शेजारी शेजारी. पीठ आणि साय. ऊन सायीवर पडलं होतं आणि ती अशी उजळली होती, की मी क्षणभर कशाला आलेय तेच विसरले. साय. अर्थात साय. यात तीन आठवडे घालवण्यासारखं काय होतं?

"पोरगा रागीट न्हाय आमचा," मागून अंबुबाई म्हणाल्या. "गप असतोय. खरं, रागीट न्हाय."

मी वळले. "मला… का सांगताय हे?"

"असू दे. कळतंय मला." त्यांनी माझा हात धरला. शेंगा फोडून खरखरीत झालेला, गरम हात. "चौकशीला येणारं माणूस खरं नाव घेऊन येत न्हाय. गेल्या खेपेला एक जण म्हशीचं गिऱ्हाईक हून आलता. म्हस बघितली, घर बघितलं, आणि मागनं निरोप… घर लांब पडतंय. तुम्ही रंगवाल्या हून आलाय. हरकत न्हाय. हुक्केरीच्या तुमच्या मंडळींना सांगा, घर बघायला रविवारी या. खोलीला रंग लागला की सगळं तयार हाय. नवीन सूनच येणार हाय की या खोलीत."

मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी हुक्केरीची नाही. मी खरंच रंगवाली आहे. शब्द ओठापर्यंत आले आणि… त्यांनी माझा हात सोडला नव्हता. या बाईला आपलं घर पुन्हा कुणीतरी नापसंत करेल याची भीती होती, आणि त्या भीतीपोटी त्यांनी सगळी भांडी घासून ठेवली होती. मी हळूच म्हणाले, "मावशी, मी खरंच दुकानातून आलेय." त्यांनी "व्हय, व्हय" म्हणून माझी पाठ थोपटली आणि जेवायला पान वाढलं. भाकरी, मुगाची आमटी, वर तुपाची धार. मी जेवले.

परत येताना मी उसाच्या ट्रॅक्टरमागं तासभर अडकले. पुढं जायला वाट होती… गेले नाही.

नवीन सून. तीन आठवडे मी दुसऱ्या कुणासाठी तरी खोली सजवत होते तर! आणि साडेचारला सूर्याचा राग करत होते.

* * *

दुसऱ्या दिवशी तो आला. शिंकला. मी पाणी विचारलं नाही.

काउंटरवर मी दोन फळ्या मांडून ठेवल्या होत्या, ताज्या रंगवलेल्या. "शेवटचं," मी म्हणाले. "नीट बघा आणि ठरवा. डावी की उजवी?"

तो वाकला. डोळे बारीक केले. एकदा दारातल्या उजेडाकडं धरून बघितलं, एकदा आतल्या.

"डावीकडचं पीठ," तो म्हणाला. "जरा कोरडं. उजवीकडची साय. तिच्यात… कसं सांगू… ऊब हाय. खरं, डावीकडचा साधेपणा पण बरा वाटतोय. यावुदु…"

"दोन्ही एकाच डब्यातले आहेत."

तो वाकलेलाच राहिला.

"पीठच आहे दोन्हीकडं," मी म्हणाले. "सकाळी मीच लावलं. साखरेचा रंग तपासणारा माणूस ना तुम्ही? फळ्या बघतच नव्हता तुम्ही."

आप्पांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. ते उठले. "मी जरा चहा सांगून येतो," म्हणाले, आणि चपला न घालताच बाहेर गेले.

वृषभ सरळ झाला. बराच वेळ त्यानं काउंटरच्या कडेवरचा एक जुना वाळलेला थेंब नखानं खरवडला.

"रंग ठरला की पाहुणे येणार," तो शेवटी म्हणाला. "आईनं तसं सांगितलंय. रंग न लावलेल्या घरात ती पाहुण्यांना पाय ठेवू देत न्हाय. म्हणून मग… ठरवतच न्हवतो."

"आधी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या दिवशी खरंच रंग न्यायला आलतो. शप्पथ." त्यानं मान वर केली. "दुसऱ्या दिवसापासून न्हाय."

मला हसू यायला पाहिजे होतं. कुठल्याही मुलीला आलं असतं. मला आधी राग आला.

"आणि ती मुलगी? हुक्केरीची? तिला कुणी बघायला गेलंय?"

"न्हाय. ती मंडळी म्हणाली, आधी घर बघतो, मग मुलगी दाखवतो. नुसते फोटो गेलेत."

"नशीब तिचं." मी म्हणाले. "माझा साखरपुडा झाला होता, ठाऊक आहे? दोन वर्षांपूर्वी. मुलाच्या मनात नव्हतं, पण त्याला घरी तसं सांगवेना. आठ महिने गप्प बसला. पत्रिका छापायला टाकायच्या आठवड्यात निरोप आला. आणि गावात सगळ्यांनी मलाच विचारलं, तुझ्यात काय कमी निघालं गं? त्याला कुणी काही विचारलं नाही. गप्प माणसाला कुणीच काही विचारत नाही."

मग माझं वाक्य त्याला लागलं असावं, कारण त्यानं घाईनं तोंड उघडलं. "मी सांगतो आईला."

"कधी?"

"आज."

"रंगाचं निमित्त करून नाही. सरळ."

"सरळ." तो थांबला. "आणि… तुम्हाला काय सांगू?"

"मला आधी काही सांगायचं नाही. आधी त्यांना. आणि हुक्केरीला रविवारच्या आत निरोप गेला पाहिजे, माणसासारखा. आणि एक…" हे म्हणताना मी त्याच्याकडं बघितलं नाही, फळ्यांकडं बघितलं. "मला बघायला कुणी यायचं नाही. पोह्यांचा ट्रे घेऊन मी आता कुणापुढं उभी राहणार नाही."

तो गेला. बाहेर त्याची गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला. आप्पा तीन चहा घेऊन आले आणि एक रिकामी खुर्ची बघून दोन कप माझ्यापुढं ठेवले.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. फोन नाही. मीच म्हणाले होते, मला आधी काही सांगू नका. तरी दर दहा मिनिटांनी मी फोन उलटा करून सुलटा करत होते. शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी हिरव्या शेडमध्ये मी दुप्पट काळा सोडला. अख्खा डबा वाया. आप्पा म्हणाले, "असू दे, गोठ्याला खपंल."

गप्प बसला असेल. माझ्या मनात तेवढंच येत होतं. भला माणूस आहे, आईला दुखवायचं नसणार, गप्प बसला असेल. भली माणसंच जास्त गप्प बसतात.

* * *

शनिवारी सकाळी बसमधून अंबुबाई उतरल्या. एकट्या.

त्या दुकानाची पाटी वाचत थोडा वेळ बाहेर उभ्या राहिल्या. मग पायरी चढल्या आणि मला बघून जागच्या जागी थांबल्या.

"तू?"

मी उभी राहिले.

"तू… खरंच रंगवालीच हाईस?"

"मी सांगितलं होतं मावशी. दोनदा."

"सांगितलं हुतंस…" त्या खुर्चीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं. "अगं, न्हाणी बी दाखवली की गं मी तुला! बोअर दाखवला. म्हशी दाखवल्या!"

आप्पा पुढं आले. "जय जिनेंद्र. बसा आक्का. पाणी…"

"बसलीच हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या, आणि आवाज बदलला. "बुधवारी पोरगा जेवायलाच बसंना. म्हणाला, आई, मी रंग ठरवत न्हवतो, पाहुणं लांबवत हुतो. मला हुक्केरीचं नको. दुकानातली एक पोरगी हाय, तिनं मला सरळ बोल म्हटलंय. एवढं बोलला. तीस वर्षांत एका दमात एवढं बोलला न्हवता." त्यांनी नाक ओढलं. "दोन दिवस मी बोलले न्हाय त्याच्यासंगं. मग काल हुक्केरीला फोन केला. पोरीत काय न्हाय, आमच्याच पोराचं मन दुसरीकडं हाय, असं स्पष्ट सांगितलं. लाज वाटली. खरं, तरी बी सांगितलं."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं ठेवला.

"आणि मग म्हटलं, हाय तरी कोण ही पोरगी? जाऊन बघते."

माझे खांदे आपोआप ताठ झाले. "बघायला आलात?"

"आलते. खोटं कशाला बोलू?" त्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. "खरं… तूच आधी माझं घर बघून गेलीस की. सगळं. कोपरान् कोपरा. माझ्या हातचं जेवलीस."

"मग सांग," अंबुबाई म्हणाल्या. "घर पसंत हाय का?"

हा प्रश्न मुलीला कुणी विचारत नाही. तो मुलीच्या काकांना विचारतात, मामांना विचारतात, जीपमधून उतरलेल्या चार पुरुषांना विचारतात. मुलगी घरी बसून निरोपाची वाट बघते. मी आप्पांकडं बघितलं. ते कपाटातल्या डब्यांवरची धूळ पुसत होते, पाठमोरे, आणि त्यांचं फडकं एकाच डब्यावर फिरत होतं.

मी काउंटरमागून बाहेर आले. अंबुबाईंच्या पुढ्यात खाली बसले आणि त्यांच्या बोटांवर हात ठेवला.

"पसंत आहे," मी म्हणाले. "घर बी. आणि तुम्ही बी."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग एकदम डोळे पुसून उठल्या. "चला, रंग द्या. बस चुकंल. कुठलं ते दोन हायत?"

मी दोन्ही दाखवले, खरे दोन, या वेळी. त्यांनी एक क्षणही घेतला नाही. "ही साय. आंधळासुद्धा ओळखंल."

मशीनखाली डबा लावला. पांढऱ्यात पिवळ्याचे थेंब, मग तांबड्याचा एक. शेड बरोबर आली.

आप्पा त्यांना बसपर्यंत सोडायला डबा घेऊन गेले, तेव्हा मी फोन उचलला. पहिल्याच रिंगला त्यानं घेतला. मागं कारखान्याची घरघर.

"आई आलीय का तिथं?" त्याचा आवाज चिरका झाला होता. "मला आत्ता कळलं. मी खरंच पाठवलं न्हाय तिला. तुम्ही म्हणाला होता, बघायला कुणी… सोनल, मी शप्पथ…"

"रंग ठरला," मी म्हणाले.

"कुठला?"

"घरी जाऊन बघ."

"आणि…" तो अडखळला. घरघर थोडी लांब गेली, तो कुठंतरी बाहेर येऊन उभा राहिला असावा. "आणि बाकीचं?"

दारातून ऊन आत आलं होतं, थेट माझ्या पायापर्यंत. रस्त्यापलीकडं आप्पा अंबुबाईंना बसमध्ये चढवत होते, आणि त्या पायरीवर थांबून त्यांना काहीतरी सांगत होत्या, हात हलवून हलवून. कंडक्टर शिट्टी वाजवत होता. दोघांनाही घाई नव्हती.

"तेही ठरलंय रं," मी म्हणाले.